माशांचं मेहूण

पडदा वर सरकतो तेव्हा बेंगळूरच्या चामराजपेठेतल्या एका वठाराचं, म्हणजे तिकडच्या चाळीचं, अंगण दिसतं. दोन्ही बाजूंना कौलारू खोल्यांच्या रांगा, मध्ये दगडी कट्ट्याचा नळ, नळापाशी घागरी. सकाळचं ऊन अजून समोरच्या भिंतीवरच रेंगाळतंय. उजवीकडच्या एका खिडकीत मात्र आतूनच उजेड आहे. तिथे काचेची मोठी पेटी आहे, पेटीत पाणी, पाण्यात उभं हिरवं गवत आणि त्या गवतातून संथ ये-जा करणारे मासे. पेटीमागे एक बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे. ती माशांकडे पाहतेय की काचेत दिसणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे, ते प्रेक्षकांनी ठरवावं.

ती शालन. बसवंत चौगुल्यांची बायको. माहेर-सासर दोन्ही निपाणीकडचं, त्यामुळे मराठी आणि कानडी तिच्या बोलण्यात आमटीभातासारख्या कालवलेल्या असत. बसवंत सरकारी कारखान्यात फिटर होता. मी त्या वठारात आले ती आमची नाटक कंपनी हुबळीच्या मुक्कामात मोडल्यावर. कपडेपट विकला गेला, माणसं पांगली, आणि मी बेंगळूरला येऊन पुढच्या खोलीत गाण्याच्या शिकवण्या घेऊ लागले. लहानथोर सगळे मला अक्का म्हणत. मी सांगतेय ती गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालातली.

रंगभूमीवर मी मत्सर पुष्कळ केला. सवतीचा केला, जावेचा केला, एकदा तर सख्ख्या बहिणीचा केला, आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्या. पण शालनला पाहिल्यावर वाटलं, आपण करत होतो ती नुसती वेशभूषा होती. शालनचा मत्सर घरच्या चुलीसारखा होता. रोज पेटायचा, त्यावर रोजचं अन्न शिजायचं. शेजारच्या वसुमतीबाईंनी एकदा वाटीभर सारू, म्हणजे कानडी पद्धतीची पातळ आमटी, पाठवलं आणि बसवंतने ते भुरकून 'छान झालंय' म्हटलं. त्यानंतर शालनने कितीतरी दिवस दोन्ही वेळा सारूच केलं. शेवटी बिचारा हात जोडून म्हणाला, आता पिठलं कर. रविवारी तो सायकल पुसायला बसला की ही उंबऱ्यात उभी राहून विचारायची, तिला तेल लावून झालं असेल तर माझ्या दाराच्या बिजागरीकडे बघता का. सायकल तिच्या बोलण्यात नेहमी 'ती' असायची, आणि तो 'ती' अगदी सवतीला म्हणावा तसा.

एक मात्र मी हेरलं होतं. शालन जळायची ती फक्त आपल्या माणसांवरून. ज्याला ती आपलं मानत नसे, तो कुणाच्या घरी जेवला, कुणाशी हसला, तिला त्याचं सोयरसुतक नसे. वठारातल्या बायका म्हणायच्या, अक्का, तुम्ही सुटलात. माझ्यावरून तिने कधी कुणाशी वाकडं धरलं नाही. सुटल्याचा आनंद मला फारसा झाला नाही, एवढंच सांगते.

आता ती काचेची पेटी. बसवंतच्या कारखान्यात दातार नावाचे इंजिनिअर होते, मूळचे पुण्याचे. कारखान्याच्या वसाहतीत त्यांचा बंगला. त्यांच्या बायकोने, वीणाबाईंनी, दिवाणखान्यात मासे पाळले होते. त्यांच्या पेटीच्या काचा बसवलेली लांबी सुकून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा साहेबांनी बसवंतला घरी नेलं. त्याने काचा काढल्या, लोखंडी चौकट घासली, नवी लांबी भरून काचा पुन्हा बसवल्या. मग पेटी भरेपर्यंत तो तिथेच थांबला. गवत लावलेलं पाहिलं, मासे सोडलेले पाहिले, आणि घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. महिन्याभरात त्याने भंगारातल्या लोखंडी पट्ट्या जोडून स्वतःची पेटी केली, वर पत्र्याचं झाकण, झाकणात दिवा.

आणि मग त्या घरात एक नवीन वाक्य राहायला आलं. 'वीणाबाई म्हणतात.'

वीणाबाई म्हणतात, आधी गवत रुजू द्यायचं, मासे नंतर. वीणाबाई म्हणतात, नळाचं पाणी भरून ठेवायचं, लगेच ओतायचं नाही. बसवंतला सोनेरी मासे घ्यायचे होते, पण वीणाबाई म्हणतात, ते गवत उपटतात आणि त्यांना गार पाणी लागतं, बाकीच्यांना ते सोसत नाही. गप्पी नकोत, कारण एंजल नावाचा मासा मोठा झाला की त्यांना गिळतो. काळ्या मॉली चालतील, तळाशी चिखल हुंगत फिरणारा एखादा मासा चालेल. वरच्या पाण्यात राहणारे कोण, मधल्या पाण्यातले कोण, तळातले कोण, हे बघून निवडायचे, म्हणजे कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. बसवंत जेवताना हे सगळं सांगायचा आणि शालन त्याच्या ताटात भाकरी टाकत राहायची. एके दिवशी तो म्हणाला, वीणाबाई म्हणतात, कुठलाही मासा आणण्याआधी त्याचा स्वभाव विचारून घ्यावा.

"मला आणताना विचारला होता का कुणी?" शालन म्हणाली.

हे तिनेच मला नळावर सांगितलं, आणि सांगताना स्वतःच हसली. पण हसणं लवकर संपलं. कारण पाठोपाठ एंजल आला. वीणाबाईंनी आपल्या पेटीतला एक वाढलेला एंजल बसवंतला दिला. रुपेरी रंग, अंगावर काळे पट्टे, आणि वरखाली ओढणीसारखे लांब पर. तो गवतातून निघाला की बाकीचे मासे आपोआप बाजूला झाल्यासारखे वाटत. आमच्या कंपनीत मुख्य नायिका रंगमंचावर यायची ती तशी. वठारातली पोरं खिडकीला नाकं लावून उभी राहत. बसवंत कामावरून आला की आधी पेटीकडे जाई, मग चपला काढी.

शालन त्याला एंजल म्हणत नसे. 'दातारांची' म्हणे. "दातारांची जेवली का बघा," असं म्हणून ती चहाचं भांडं जरा जोरातच ठेवी.

श्रावण सरता सरता बसवंतने जाहीर केलं की गौरीच्या हळदीकुंकवाला वीणाबाईंना बोलावलंय, त्यांना पेटीही बघायची आहे. शालनची गौर म्हणजे वठाराचा मान. उभी गौर, तिला निपाणीहून आलेली साडी, पुढे फराळ, फुलं. या वर्षी बसवंत म्हणाला, पेटी गौरीशेजारीच ठेवू, आरास होईल. शालन हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात आली, डोक्यावरून पदर, हातात पिशवी आणि झाकणाची काचेची बरणी.

दंडूतल्या बाजारात माझ्याबरोबर चला, म्हणाली. लष्कराच्या त्या भागाला आमच्याकडचे लोक दंडू म्हणत, आणि चामराजपेठेतल्या बाईला तिकडे जायचं म्हणजे परगावी जाण्यासारखंच होतं. वाटेत तिने मन मोकळं केलं. पेटी तिच्या घरात, पाणी तिने भरलेलं, काच तिने पुसलेली, आणि आत बघावं तर एकही मासा तिच्या पसंतीचा नाही. वीणाबाई येऊन बघणार ते वीणाबाईंचंच. गौरीपुढे निदान दोन मासे तरी तिने निवडलेले हवेत.

मासेवाल्याकडे तिने फार वेळ घेतला. साडीच्या दुकानात घ्यावा तसा. शेवटी तिचं बोट थांबलं ते लहान, चपळ, केशरी अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांवर. टायगर म्हणतात त्यांना. रंग असा की दिवाळी आठवावी. ते तिच्या पेटीत गवतापुढे कसे दिसतील ते तिने डोळे मिटून बघितलं, मी पाहत होते. मासेवाला आपल्या दखनी हिंदीत म्हणाला की हे जास्त न्या, सहा-सात तरी न्या, दोनात मजा नाही. शालनने माझ्याकडे बघून भुवई उडवली. विकणारा जास्त न्या म्हणाला की कमी घ्यायचं, हा तिचा आयुष्यभराचा नेम होता.

"जोडी द्या," ती म्हणाली. "सरी, ठीक?"

मला वाटेत तिने समजावलं. घरात एकटा जीव आणू नये, जोडीने आणावं. आणि गौर यायच्या तोंडावर तर जोडीच हवी, आपण मेहूण नाही का बोलावत. नवराबायकोला एकत्र पाटावर बसवून जेवू घालायचं, तसं हे आपलं माशांचं मेहूण. तो एंजल एकटा आला म्हणूनच त्याचा तोरा, असंही तिचं म्हणणं होतं. मलाही ते सगळं पटलं. आम्ही दोघी बरणी मांडीवर घेऊन बसने परत आलो आणि त्या मेहुणावर तिने पेटीत सोडण्याआधी, लांबूनच, हळदकुंकू वाहिलं.

पहिले एक-दोन दिवस सगळं ठीक होतं. बसवंतलाही ते आवडले, त्याने तिला तसं म्हटलंही, आणि ती दिवसभर अंगणात गुणगुणत होती. मग त्या जोडीने आपलं काम सुरू केलं. गवताआडून सुळकन यायचं, एंजलच्या लांब परांचं टोक तोडायचं आणि पसार व्हायचं. बसवंत दोन पाळ्या सलग करत होता, त्याच्या लक्षात यायला वेळ गेला. एका संध्याकाळी त्याने दिवा लावला तर एंजल कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी, तिरका होऊन उभा. ओढणीच्या चिंध्या झालेल्या.

माझ्या खोलीत शिकवणी चालू होती. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. तो मोठ्याने बोलणारा माणूस नव्हता, तेव्हाही मोठ्याने बोलला नाही.

"तुला ठाऊक होतं हे असे आहेत ते. म्हणून आणलेस."

मी बाजाच्या पेटीच्या सुरावर बोट ठेवून शालनच्या उत्तराची वाट बघत राहिले. तिचं उत्तर म्हणजे दहा वाक्यं, हे साऱ्या वठाराला माहीत. थोड्या वेळाने ताट मांडल्याचा आवाज आला, तेवढाच.

सकाळी नळावर सगळ्यांना बातमी होती. वसुमतीबाईंनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, शेवटी केलंच हो तिने. कुणालाही शंका नव्हती. ज्या बाईने सारूचा सूड सारूने घेतला, तिने दातारांच्या माशाचं असं केलं, यात नवल कुणाला वाटणार? मी बसवंतला गाठून सांगितलं की मी बरोबर होते, तिला काहीच माहीत नव्हतं, जोडी म्हणून तिने जोडी घेतली. तो ऐकून घेऊन म्हणाला, अक्का, तुम्ही चांगलं बोलता, तुमचा तो व्यवसायच होता. त्याला मला दुखवायचं नव्हतं. पण मी तशीच माघारी फिरले.

शालन माझ्याकडे आली ती दुपारी, गौरीच्या साडीला काठ लावायच्या निमित्ताने. सुई चालू ठेवूनच बोलली.

"जळते मी, अक्का. नाही म्हटलंय का कधी? पण जळले तर तोंडावर बोलते. मुक्या जिवाला दुसऱ्याकडून ओरबाडवीन होय?" मग दोरा तोडला. "साऱ्या वठाराने म्हणावं. यांनी म्हणायला नको होतं."

बसवंतने तिला सांगितलं होतं की टायगर परत दंडूत देऊन येतो. ती नाही म्हणाली. गौर तोंडावर आली असताना घरात आणलेलं मेहूण बाहेर काढायचं नाही. मग तो म्हणाला, निदान त्या दिवशी पेटीवर चादर टाकू, मासे आजारी आहेत सांगू, वीणाबाईंना कळायला नको. तो हे तिची अब्रू झाकायला म्हणत होता, आणि तिला तेच सर्वांत जास्त लागलं. झाकण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं. गौरीच्या दिवशी तिने स्वतः काच पुसली, दिवा लावला आणि पेटी साऱ्या आराशीच्या पुढे ओढून ठेवली.

वीणाबाई आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. सावळ्या, चष्मा लावलेल्या, साध्या. मनातल्या मनात मी शालनसाठी एखादी रूपगर्विता रंगवून ठेवली होती, माझा पार हिरमोड झाला. त्यांनी गौरीला नमस्कार केला, कुंकू लावून घेतलं आणि सरळ पेटीपुढे जमिनीवर मांडी घालून बसल्या. बसवंत दाराशी उभा होता, खाली बघत. वसुमतीबाई आणि बाकीच्या बायका फराळाच्या ताटाशी अगदी स्तब्ध.

"हे टायगर दोनच आणलेत?" वीणाबाईंनी विचारलं.

"जोडी आणली," शालन म्हणाली. "मी आणली. माझ्या पसंतीने."

वीणाबाई एकदम हसू लागल्या. हसता हसता चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, शालनबाई, मीही जोडीच आणली होती. नवीन लग्न झालं होतं, सासूबाई म्हणाल्या, घरात काही आणायचं तर जोडीने आण. माझ्या तर दोन एंजलची वाट लावली त्यांनी. मग त्यांनी सांगितलं की हे मासे घोळक्यातले. दोनच असले की त्यांना उद्योग राहत नाही, मग दुसऱ्यांचे पर खेचत बसतात. सहा-आठ झाले की आपापसात पळापळ करतात, बाकीच्यांकडे बघायला त्यांना सवड होत नाही. तरी भरवसा नाही, मध्ये गवत दाट लावायचं आणि लक्ष ठेवायचं. एंजलला तेवढं काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवा, पाणी स्वच्छ राखा, पर पुन्हा येतात.

शालनने लगेच फडताळावरचं तांब्याचं घंगाळ काढलं. वीणाबाईंनी तिचा हात धरला. तांब्याच्या भांड्यात मासा मरतो, त्या म्हणाल्या, काचेचं काही आहे का? ती दंडूत नेलेली बरणी लहान पडली असती. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांची मोठी बरणी रिकामी करून आणली, आणि दोघींनी मिळून, एकीने जाळी धरून आणि दुसरीने बरणी धरून, एंजलला बाहेर काढलं. गौरीपुढे त्या संध्याकाळी दोन काचा उजळत होत्या. वसुमतीबाईंनी शालनला बोलावून आपल्या शेजारी बसवून घेतलं, आणि एरवी मागूनही न देणारी ती बाई तिला आपल्या सारूची कृती सांगू लागली.

मी स्वयंपाकघरात ताटं ठेवायला गेले तर शालन चुलीपाशी पाठमोरी उभी. मला वाटलं रडतेय. वळली तेव्हा डोळे कोरडे होते, चेहरा मात्र फार त्रासलेला.

"चांगली बाई आहे हो, अक्का," ती म्हणाली. "आता हिच्यावर जळायचं तरी कसं?" मग जरा विचार करून, "बघू. जमेल स्वल्प."

बसवंतने माफी मागितली नाही. त्या काळी आणि त्या घरात ती रीत नव्हती. पण पुढच्या रविवारी त्याने सायकल पुसली आणि मागच्या कॅरिअरवर घोंगडी दुमडून शालनची बैठक केली. दोघं दंडूत गेली. टायगर तिने निवडले, एक एक, आणि तो बरणी धरून शेजारी उभा राहिला. मासेवाल्याने म्हणे तिला ओळखलं आणि म्हणाला, सांगितलं होतं ना. शालनने त्याच्याशी घासाघीस करायची मात्र त्या दिवसानंतरही सोडली नाही.

एंजलचे पर आले, पहिल्यापेक्षा थोडे आखूड. नव्या घोळक्याची धावपळ सुरू झाली, ती त्यांच्यात त्यांच्यातच. शालन त्यांच्याकडे बघत तासन्‌तास बसायची. कोण कुणावर धावतो, कोण कुणाला घाबरतो, तिला चेहऱ्याने ओळखता यायचं. हळूहळू वठारातलीच नव्हे, पलीकडच्या गल्लीतली माणसंही तिच्याकडे विचारायला येऊ लागली. कुणी गप्पी आणले, कुणाला गुरामी हवा होता. ती मासा न बघताच विचारायची, पेटीत आधी कोण आहे? आणि ऐकून घेऊन निकाल द्यायची, ह्याचं नि त्याचं पटायचं नाही. वीणाबाई आणि ती तळ्यांवर जाऊन गवत शोधून आणत, चिखलाने पाय माखून घेऊन परत येत. परतल्यावर शालन मला हळूच सांगायची की त्यांच्यापेक्षा हिरवी जुडी तिला सापडली. एकदा कारखान्यातला कुणी बसवंतला मासे विचारायला आला तर मी भिंतीआडून ऐकलं, तो म्हणाला, "शालन म्हणते, काळ्या मॉली घ्या." भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता.

वर्षं गेली. वीणाबाई माझ्याकडेही येऊ लागल्या. त्यांना जुनी पदं ऐकायची हौस, मला म्हणून दाखवायची. त्या आल्या की शालनला काही ना काही काम निघायचं आणि ती माझ्या दारावरून दोन-तीनदा जायची. मी त्याचा अर्थ लावत बसले नाही.

सहासष्ट साली माझा गळा पार बसला, शिकवण्या बंद झाल्या, आणि सांगलीच्या भाचीने मला आग्रहाने बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी सिटी स्टेशनवर मिरजेकडे जाणाऱ्या गाडीपाशी सगळे आले. बसवंतने ट्रंक बाकाखाली सरकवली, त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आलेले. वीणाबाईंनी साटोऱ्यांचा डबा आणला होता, पितळी, चकचकीत, वर क्रोशाचा रुमाल. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि माझा हात हातात घेतला. शालनने फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि शेंगांची चटणी खिडकीतून आत दिली. मग ती त्या डब्याकडे बघत उभी राहिली.

गाडी हलली. वीणाबाई रुमाल हलवत मागे राहिल्या. शालन खिडकीची दांडी धरून चालू लागली, मग भरभर चालू लागली, आणि फलाट संपायच्या आत, मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

"आधी माझी भाकरी खावा, अक्का. त्यांचा डबा मागनं उघडा."